कॅटलानच्या कोंडीतून विश्वचषक

जॉर्जियातील बाटुमी येथे २८ जुलै २०२५ रोजी महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा नागपूरची दिव्या देशमुख अवघी १९ वर्षांची होती. अंतिम फेरीतील दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटल्याने निकाल जलदगती डावांवर गेला. समोर होती याच प्रकारातील तत्कालीन जगज्जेती कोनेरू हम्पी. पहिला जलद डावही अनिर्णित राहिला.

दुसऱ्या डावात पांढरी मोहरी हम्पीकडे होती आणि तिने कॅटलान सुरुवात निवडली. १९२९ च्या बार्सिलोना स्पर्धेच्या संयोजकांच्या विनंतीवरून टार्टाकोव्हर यांनी कॅटलोनियाच्या गौरवार्थ रूढ केलेली ही पद्धत. तीत वजिरापुढचे आणि त्याच्या शेजारच्या उंटापुढचे प्यादे दोन-दोन घरे पुढे जाते. राजाच्या बाजूचा उंट मात्र घोड्यापुढील प्यादे एक घर सरकवून त्याच्यामागे बसतो आणि पटाच्या मध्यातून जाणाऱ्या लांब कर्णावर नजर ठेवतो. हल्ला कुठेच दिसत नाही. पण काळ्याची वजिराकडील बाजू अवघडून जाते. शत्रूपेक्षा सावकारासारखा हा उंट!

काळ्यापुढे तेव्हा दोन मार्ग उरतात : उंटापुढून आलेले प्यादे मारून पट मोकळा करायचा, किंवा मधले प्यादे भक्कम राखून कोंडी सोसायची. दिव्याने दुसरा मार्ग धरला. घड्याळ धावत असताना तो निवडणे धाडसाचेच म्हणावे लागेल. डाव लांबला, वेळेच्या चणचणीत दोघींच्याही हातून चुका झाल्या; अखेरची चूक हम्पीची ठरली. एकही नॉर्म नावावर नसलेली दिव्या या विजयासरशी थेट ग्रॅण्डमास्टर झाली. भारताची ८८ वी.