जीवनदृष्टी आणि लोककार्य

सार्वजनिक कामाला माणसे मिळत नाहीत, ही तक्रार आमच्या वाचनालयाच्या प्रत्येक वार्षिक सभेत ऐकू येते. त्याचे कारण बहुधा वेळेच्या अभावात शोधले जाते. परंतु ज्यांच्यामागे प्रपंचाचा व्याप अधिक, तेच पुष्कळदा कामाला पुढे येतात. तेव्हा खरे कारण माणसाच्या जीवनविषयक दृष्टीत असावे.

मग कोणती दृष्टी माणसाला समाजाकडे नेते? श्रद्धावानाची की बुद्धिवाद्याची? १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन करणाऱ्यांत टिळक आणि आगरकर दोघेही होते. पुढे त्यांचे मार्ग भिन्न झाले. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढून बुद्धिप्रामाण्याचा पक्ष मांडला. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. ज्ञानी पुरुषानेही लोकसंग्रहार्थ कर्म करीत राहावे, हा त्याचा सिद्धांत. गाडगे महाराज (१८७६–१९५६) तर अशा ग्रंथचर्चेपासून दूरच. ते दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडीत. तीन दृष्टी वेगळ्या, पण तिन्ही लोककार्यालाच येऊन मिळाल्या.

याचा अर्थ असा की, मत कोणते यापेक्षा त्या मतात दोन गोष्टींना जागा आहे की नाही, हे महत्त्वाचे. दुसऱ्याचे दुःख ही माझीही जबाबदारी आहे, ही एक. आणि माणसाच्या प्रयत्नाने काही पालटते, ही दुसरी. ‘सारे प्रारब्धाधीन’ म्हणणारा भाविक आणि ‘सारेच लबाड’ म्हणणारा सुशिक्षित, हे परस्परांना कितीही हसोत. दोघेही अखेर घरीच बसतात.

तथापि दृष्टी आधी आणि कृती मागाहून, हाच क्रम नेहमी असतो असे नाही. कशातच मन न घालणाऱ्या एका विद्यार्थ्याकडे मी एकदा शाळेच्या ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली सोपविली. काही महिन्यांनी तोच फाटकी पुस्तके चिकटवीत बसलेला दिसला. माझ्या अनेक व्याख्यानांनी जे साधले नव्हते, ते त्या किल्लीने साधले. आपल्यावर कोणी विसंबून आहे, हे कळले की जगाकडे पाहण्याची रीतच बदलते.

म्हणून तरुणांच्या उदासीनतेबद्दल खेद करणाऱ्या आम्हा वडील मंडळींनी प्रथम स्वतःला विचारावे : आपल्या संस्थांच्या किल्ल्या अजून कोणाच्या कमरेला आहेत?