ट्रस्टीची खुर्ची आणि जिना

आपल्या वस्त्यांत ‘ट्रस्टी’ हा शब्द विहाराच्या कमिटीमुळे सर्वांना ठाऊक आहे. फलकावर नाव, जयंतीला स्टेजवर खुर्ची, पावतीवर सही. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने मला विश्वस्त होण्याविषयी विचारले तेव्हा घरची मंडळी म्हणूनच खूश झाली. मी मात्र आधी संस्थेची घटना, तीन वर्षांचे ऑडिट, प्रोसिडिंग बुक आणि धर्मादाय कार्यालयातील शेड्यूल एकचा उतारा मागितला. कारकुनाची खोड, दुसरे काय!

महाराष्ट्रात अशा संस्थांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० लागू होतो. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिलाच नाही तर मयत झालेला माणूस उताऱ्यावर ट्रस्टी म्हणून तसाच राहतो आणि पुढे बँकेत, अनुदानात काम अडते. हिशेब ३१ मार्चला बंद होतात, त्यानंतर सहा महिन्यांच्या आत ऑडिट व्हावे लागते. संस्थेची जागा विकायची किंवा गहाण टाकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. कामात सतत हयगय करणाऱ्या विश्वस्ताला दूर करण्याचाही त्यांना अधिकार आहे. तेव्हा ‘मी नुसती सही केली’ ही सबब चालत नाही.

बंधू-भगिनींनो, हे वाचून बिचकू नका. व्हाउचर पासबुकाशी ताडून पाहणे बचत गट चालवणाऱ्या आपल्या ताईंना माझ्याइतकेच जमते. त्यासाठी बी.कॉम. लागत नाही.

मला खटकले ते वेगळेच. समितीवर डॉक्टर, निवृत्त अधिकारी आणि देणगीदार होते. दिव्यांग मात्र दोघेच, एक ताई आणि एक अंध बंधू. ज्यांच्यासाठी संस्था, ते बहुतेक व्हीलचेअर वाटपाच्या फोटोतच दिसत होते. १९१९ साली साऊथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांना त्यांचे स्वतःचे प्रतिनिधी हवेत, असे ठामपणे मांडले होते. इतरांनी कळवळ्याने बोलणे आणि आपण स्वतः बोलणे यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. तोच हिशेब इथेही लावला पाहिजे.

प्रोसिडिंग बुकात त्या ताईंच्या नावापुढे तीन बैठकांना ‘गैरहजर’ असा शेरा होता. त्या कुबड्यांवर चालतात. मी चौकशी केली. बैठक दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. ताई दोनदा रिक्षाचे पैसे खर्चून आल्या आणि जिन्यापासून परत गेल्या. वहीत जिन्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

अंध बंधूंना सहीचा अधिकार द्यावा असे सुचवताच एका गृहस्थांनी शंका काढली, चेक कसा हाताळणार? आता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने १९९५ च्या कायद्यातील ७ प्रकारांचे २१ केले, हे बऱ्याच जणांना माहीत असते. पण त्याच कायद्यात दिव्यांग व्यक्तीला स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा इतरांसारखाच हक्क आहे, हे कुणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच बँकांना कळवले आहे की अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारायचे नाही. मी ते पत्रक वाचून दाखवले. गृहस्थ गप्प झाले, पण राजी झाले असे मला वाटत नाही.

बैठक तळमजल्यावर आणि विषयपत्रिका अंध सभासदाला आधी फोनवर वाचून दाखवायची, या दोन अटींवर मी होकार दिला. अटी मान्य झाल्या. आता आम्ही बालवाडीच्या खोलीत बसतो. ताई माझ्याच व्हाउचरवर पावती कुठे म्हणून विचारतात, आणि बरोबर विचारतात.

आपल्या घरी दिव्यांग मुलगा किंवा मुलगी असेल आणि जवळपास अशी संस्था असेल, तर तिथे फक्त सायकल किंवा श्रवणयंत्राचा अर्ज देऊन परत येऊ नका. संस्थेची नोंदणी १८६० च्या सोसायटी कायद्याखालीही आहे का ते विचारा. असेल तर नियमावली पाहून, अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलीला त्याच्या स्वतःच्या नावाने सभासद करा, पावती घ्या, सर्वसाधारण सभेची नोटीस मागा. वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली तर मत देता येत नाही, तेवढी तारीख लक्षात ठेवा.