घरातला मोडेम : किराया भरावा की विकत घ्यावा?



गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेतले एक पालक माझ्या खोलीत आले. हातातल्या पिशवीतून त्यांनी एक काळा, उभा डबा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, हा अमेरिकेचा मोडेम आहे. माझ्या भावाने तिकडे नवा घेतला आणि हा जुना मला देऊन टाकला. चांगला चालू आहे. शाळेच्या इंटरनेटला लावून बघू का?" त्यांची भावना फार चांगली होती. पण डबा उलटा करून पाहिला आणि मला सांगावे लागले की इंदुरात हा आपल्या काही कामाचा नाही. शाळेत येणारी तार वेगळी आणि या डब्याला लागणारी तार वेगळी.

त्यांना जे समजावून सांगितले तेच सगळ्यांसाठी लिहावे असे वाटले. आपल्या शाळेतून शिकून गेलेली कित्येक मुले-मुली आज अमेरिकेत आहेत. दरवर्षी आणखी काही जातात, त्यांचे आई-वडील चार-सहा महिने तिकडे राहून येतात. तिथे इंटरनेटचे बिल आले की त्यात मोडेमच्या किरायाची एक ओळ असते आणि ती ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे 'भाडे' म्हणायच्या ठिकाणी तोंडात 'किराया' येतो. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मोडेम म्हणजे काय?

'मॉड्युलेटर' आणि 'डीमॉड्युलेटर' या दोन शब्दांची सुरुवातीची अक्षरे जोडून 'मोडेम' हा शब्द झाला. संगणकाची भाषा शून्य आणि एक या दोन आकड्यांची. तारेतून मात्र लहरी धावतात. आकड्यांच्या लहरी करणे आणि आलेल्या लहरींचे पुन्हा आकडे करणे हे मोडेमचे काम. थोडक्यात, तो घराच्या दारात बसलेला दुभाषा आहे.

ज्या तारेवर काम, त्या तारेचा दुभाषा. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाले, तेव्हा टेलिफोनच्या तारेवर कर्कश आवाज करणारा मोडेम होता. पुढे 2005 साली बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले, तेही टेलिफोनच्याच तारेवर, पण मोडेम निराळा. आता आपल्या शहरात अनेक घरी काचेची बारीक तार, म्हणजे फायबर येते. तिच्यातून प्रकाश धावतो. तिच्या टोकाला बसणाऱ्या डब्याला 'ओएनटी' किंवा 'ओएनयू' म्हणतात, जरी बोलताना आपण त्यालाही मोडेमच म्हणत असलो.

अमेरिकेत मात्र फार मोठ्या संख्येने घरांत इंटरनेट टीव्हीच्या केबलमधून येते. ही तार जाड आणि गोल असते. आपल्याकडे डिशच्या छत्रीपासून टीव्हीच्या डब्यापर्यंत जशी तार येते, तशीच. टोकाला फिरवून बसवायचा धातूचा आटा असतो. कंपनीकडून मोहल्ल्यापर्यंत फायबर आणि तिथून घराघरात ही गोल तार, अशी ती रचना आहे. या तारेच्या दुभाषाला 'केबल मोडेम' म्हणतात. पालकांनी आणलेला डबा हाच होता. फायबर लावायला त्यात जागाच नव्हती.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. मोडेम आणि राउटर ही दोन वेगळी कामे आहेत. मोडेम बाहेरच्या तारेशी बोलतो. राउटर घरातल्या मोबाइल, संगणक, टीव्ही यांना ते इंटरनेट वाटून देतो, वायफाय त्याचेच. कंपनी जो डबा देते त्यात बहुधा दोन्ही एकत्र असतात. स्वतः घ्यायचे तर दोन्ही वेगळे घेता येतात.

माझ्या मुलाच्या घरचा हिशोब

मे-जून 2023 मध्ये मी अमेरिकेत मुलाकडे होते. एक दिवस टेबलावर इंटरनेटचे बिल दिसले. शाळेची बिले तपासायची सवय, म्हणून ओळ न् ओळ वाचली. एका ओळीत 'उपकरणाचा किराया 15 डॉलर' असे होते. मुलाला विचारले, "हे कधीपासून भरतो आहेस?" तो म्हणाला, "कनेक्शन घेतले तेव्हापासून." म्हणजे 2019 च्या उन्हाळ्यापासून. चार वर्षे, 48 महिने. 48 गुणिले 15 म्हणजे 720 डॉलर. तेव्हाच्या 82 रुपयांच्या भावाने सुमारे 59 हजार रुपये. आणि इतके भरूनही डबा कंपनीचाच!

पुढे आणखी एक गोष्ट निघाली. 2020 च्या कोरोनाकाळात मुलगा आणि सूनबाई दोघेही घरून काम करू लागले, म्हणून त्यांनी 500 मेगाबिटची महाग योजना घेतली. पण डबा जुनाच राहिला. हे समजण्यासाठी थोडे गणित पाहू.

केबल मोडेम ज्या नियमांनी चालतो त्यांना 'डॉक्सिस' म्हणतात. पहिली आवृत्ती 1997 साली आली. 2006 साली डॉक्सिस 3.0 आली. तिच्यात एकाच वेळी अनेक मार्ग जोडून माहिती आणता येते, जशी एकपदरी सडक चौपदरी व्हावी. अमेरिकेत अशा एका मार्गातून सेकंदाला सुमारे 38 मेगाबिट माहिती मिळते. मुलाच्या डब्यात उतरत्या बाजूचे 8 मार्ग होते. 8 गुणिले 38 म्हणजे 304. योजना 500 ची आणि डब्यातून जास्तीत जास्त 304! नळाची लाइन मोठी घेतली, पण तोटी लहानच ठेवली. तीन वर्षे ते दोघे 'वायफाय चांगले नाही' म्हणून एकमेकांवर चिडत होते. कंपनीने नवा डबा दिला नाही आणि यांनी मागितला नाही.

शेवटी त्याने डॉक्सिस 3.1 चा मोडेम 160 डॉलरला आणि राउटर 80 डॉलरला घेतला. एकूण 240. 240 भागिले 15 म्हणजे 16. सोळा महिन्यांत पैसे फिटले आणि त्यापुढे दरमहा 15 डॉलरची बचत सुरू झाली.

विकत घेण्यापूर्वी

घाईने दुकानात जाऊ नये. आधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, कंपनीची यादी. आपल्या तारेवर कोणते मोडेम चालतील याची यादी केबल कंपन्या सहसा देतात. त्या यादीत नाव आणि मॉडेल क्रमांक दोन्ही जुळले पाहिजेत.

दुसरी, वेग. आपल्या योजनेचा वेग आणि मोडेमचा वेग यांचा मेळ हवा. डॉक्सिस 3.1 ही आवृत्ती 2013 साली आली आणि ती सेकंदाला एक गिगाबिटपर्यंतच्या योजना सहज पेलते. 200-300 मेगाबिटच्या योजनेला 16 किंवा 24 मार्गांचा 3.0 मोडेमही पुरतो, मात्र तो यादीत असला पाहिजे.

तिसरी, फोन. घरचा टेलिफोन त्याच डब्यातून चालत असेल तर साध्या मोडेमने तो बंद पडेल. त्याला फोनची जागा असलेला मोडेम लागतो.

चौथी, जुना मोडेम. कोणी स्वस्तात विकत असेल तर सावध राहावे. प्रत्येक मोडेमला त्याचा स्वतःचा ओळख-क्रमांक असतो आणि तो कंपनीकडे ग्राहकाच्या नावावर नोंदला जातो. आधीच्या मालकाने नोंद काढली नसेल, किंवा तो मुळात कंपनीचाच किरायाचा डबा असेल, तर कंपनी तो चालू करत नाही. पैसे जातात आणि हाती खोके राहते.

किराया भरणे कधी बरे? विकत घेणेच शहाणपणाचे असे मी म्हणणार नाही. शिकायला गेलेला विद्यार्थी एका घरात वर्षभरच राहणार असेल, किंवा पुढच्या घरी फायबर मिळणार असेल, तर केबल मोडेम विकत घेऊन तो अडकेल. किरायाचा डबा बिघडला तर कंपनी बदलून देते. स्वतःचा बिघडला तर वॉरंटी असेपर्यंत ठीक, पुढे आपले आपण. शिवाय काही कंपन्या मोडेमचे पैसे घेतच नाहीत, फक्त वायफाय राउटरचे घेतात. काही योजनांत डबा धरूनच दर असतो, तिथे स्वतःचा आणून एक पैसाही वाचत नाही. म्हणून आधी बिल वाचावे.

हा हक्क आला कुठून?

आपला डबा कंपनीच्या तारेला जोडायचा, हे आज साधे वाटते. पण एके काळी अमेरिकेत टेलिफोन कंपनी आपल्या यंत्राखेरीज दुसरे काहीही तारेला जोडू देत नसे. टेक्सासच्या थॉमस कार्टर यांनी वायरलेस संच आणि टेलिफोन यांना जोडणारे 'कार्टरफोन' नावाचे यंत्र बनवले. कंपनीने मनाई केली. प्रकरण तिथल्या संचार आयोगापुढे गेले आणि 1968 साली निकाल लागला की यंत्रामुळे जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहक ते जोडू शकतो. पुढे दुकानातून विकत घेतलेले फोन आणि मोडेम घरोघरी आले, त्याची वाट या निकालाने मोकळी केली.

दुसरा टप्पा अगदी अलीकडचा आहे. काही ग्राहक स्वतःचे यंत्र वापरत असूनही त्यांच्याकडून यंत्राचे पैसे घेतले जात होते. डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेत कायदा झाला की ग्राहकाच्या स्वतःच्या यंत्राचा किराया घेता येणार नाही, आणि परत केलेल्या यंत्राचा परत केल्याच्या तारखेनंतर घेता येणार नाही. तो डिसेंबर 2020 पासून पूर्णपणे लागू झाला.

तरीही आमच्या घरी काय झाले ते सांगते. मुलाने जुना डबा कंपनीच्या दुकानात नेऊन दिला. माझा आग्रह म्हणून पावती घेतली, नाहीतर तो तसाच परतणार होता. पुढचे दोन महिने बिलात 15 डॉलर लागूनच आले. फोन केला तर उत्तर मिळाले, "आमच्या नोंदीत डबा तुमच्याकडेच आहे." मग पावतीचा फोटो पाठवला. त्यावर तारीख होती, डब्याचा क्रमांक होता. पुढच्या बिलात 30 डॉलर वळते झाले. कायदा आपल्या बाजूने होता, पण तो कामाला आला त्या चिठ्ठीमुळे. पावती नसती तर किरायाबरोबर डब्याची किंमतही कदाचित भरावी लागली असती.

आपल्या इंदुरात काय करावे?

आपल्याकडे फायबर असल्यामुळे प्रश्न थोडा वेगळा आहे. ओएनटीचा क्रमांक सेवा देणाऱ्याच्या यंत्रणेत नोंदवावा लागतो, म्हणून बाजारातून कोणताही आणून चालत नाही. काही ठिकाणी स्वतःचा घेता येतो, पण आधी विचारूनच. राउटर मात्र बहुधा आपल्या पसंतीचा जोडता येतो. घर मोठे असेल, मागच्या खोलीत मुलांचा अभ्यास अडत असेल, तर पैसे तिथे खर्च करावेत. पण त्याआधी डबा कपाटातून बाहेर काढून उंच, मोकळ्या जागी ठेवून पाहावा. त्याला काहीच खर्च नाही.

तीन प्रश्न प्रत्येक घराने आजच स्वतःला विचारावेत. डबा कोणाचा आहे, आपला की कंपनीचा? त्यासाठी अनामत दिली असेल तर पावती कुठे आहे? आणि कनेक्शन बंद केले तर डबा परत कोणाला द्यायचा? पुष्कळ घरांत जुने डबे माळ्यावर पडून आहेत आणि अनामत तिकडे विसरली गेली आहे.

आता मुलांसाठी गणित. एक विद्यार्थी अमेरिकेत शिकायला गेला. कंपनीचा किराया दरमहा 12 डॉलर. स्वतःचा मोडेम 120 डॉलरला आणि राउटर 60 डॉलरला मिळतो. खर्च किती महिन्यांत फिटेल? तो त्या घरात दहाच महिने राहणार असेल तर त्याने काय करावे? आठवी ते दहावीच्या मुलांनी उत्तर कारणासह लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. आणि त्यासोबत आपल्या घरच्या इंटरनेटचे एक बिल आई-बाबांबरोबर बसून, ओळ न् ओळ वाचून यावे.

तो अमेरिकेचा मोडेम त्या पालकांनी शाळेलाच देऊन टाकला आहे. विज्ञानाच्या खोलीत तो उघडून ठेवला आहे. ज्यांना आतून दुभाषा पाहायचा असेल त्यांनी मधल्या सुट्टीत जरूर यावे.

आपली,
प्राचार्या