‘निम्मे कर्मचारी नैराश्यात’ म्हणजे नक्की काय? साथीच्या काळातला मनावरचा ताण मोजताना



२०२० च्या पावसाळ्यात माझ्या मावशीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक गूगल फॉर्म आला. मावशी एका जिल्हा रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. तेव्हा तिची ड्युटी कोविड वॉर्डात होती. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप नीट लागली का, असे प्रश्न होते. तिने सगळीकडे ‘अजिबात नाही’ वर टिक केलं आणि दोन मिनिटांत फॉर्म पाठवून दिला. त्याच आठवड्यात ती फोनवर मला सांगत होती की घरी आल्यावर अर्धा-अर्धा तास जिन्यातच बसून राहते, आत जायला पाय उचलत नाही.

मी विचारलं, "मावशी, मग खरं का नाही लिहिलंस?"

"अगं, फॉर्म आमच्या मॅडमनीच ग्रुपवर टाकला होता. रजा त्याच मंजूर करतात. आणि खरं लिहून ड्युटी बदलणार होती का?"

मी सायन्सची विद्यार्थिनी. टक्केवारी दिसली की आधी विश्वास ठेवायची सवय. पण तेव्हापासून या विषयावरचा कुठलाही पेपर वाचताना मावशीचा तो फॉर्म आठवतो. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक ताणावर कोविडनंतर भरपूर संशोधन झालं आणि तुमच्यापैकी कुणीतरी उद्या याच विषयावर सिनॉप्सिस लिहाल. म्हणून या लेखात तीन खरे अभ्यास घेऊन बघू की हे आकडे तयार कसे होतात आणि वाचायचे कसे.

पहिला अभ्यास: चीन, २०२०

२३ जानेवारी २०२० ला वुहान शहर बंद झालं. त्यानंतर आठवड्याभरातच, २९ जानेवारी ते ३ फेब्रुवारी या काळात, चीनमधल्या ३४ रुग्णालयांत एक सर्वेक्षण झालं. १२५७ डॉक्टर आणि नर्सनी उत्तरं दिली. त्यात सुमारे ६० टक्के नर्स होत्या. मार्चमध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या जर्नलमध्ये निकाल आले: नैराश्याची लक्षणं ५०.४ टक्के, चिंतेची ४४.६ टक्के, निद्रानाशाची ३४ टक्के. हा पेपर जगभर उद्धृत झाला आणि त्याचं सोपं रूपांतर झालं, ‘निम्मे कर्मचारी नैराश्यात’.

आता हे ५०.४ आले कुठून? नैराश्यासाठी त्यांनी पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली वापरली. त्यात नऊ प्रश्न असतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे एकूण २७. ५ ते ९ गुण आले तर ‘सौम्य’, १० पासून पुढे ‘मध्यम’ आणि त्याहून तीव्र. ५०.४ टक्क्यांमध्ये सौम्य लक्षणंही धरली आहेत. १० गुणांची रेषा लावली तर तोच आकडा सुमारे १५ टक्क्यांवर येतो. पेपरमध्ये हे सगळं तक्त्यात स्पष्ट दिलेलं आहे. संशोधकांनी काही लपवलं नाही, आपण तक्त्यापर्यंत जात नाही.

आणखी एक गोष्ट. नऊ प्रश्नांपैकी तीन प्रश्न झोप, थकवा आणि भूक यांचे आहेत. आता कोविड वॉर्डातली नर्स डोळ्यांसमोर आणा. आठवडाभर नाईट, पीपीई किट घालून सहा-सहा तास, मधे पाणी पिता येत नाही, बाथरूमला जाता येत नाही. तिने या तीनही प्रश्नांना ‘जवळजवळ रोज’ असं उत्तर दिलं तर ९ गुण तिथेच झाले. मनाच्या प्रश्नांना शून्य दिलं तरी ती ‘सौम्य’ गटात बसणार आणि १० च्या रेषेपासून एकच गुण दूर असणार. म्हणजे प्रश्नावली तिचं मन मोजतेय की ड्युटीचा तक्ता, हे नुसत्या एकूण गुणांवरून कळत नाही.

दुसरा अभ्यास: इंग्लंड, तोच प्रश्न दोनदा विचारून

प्रश्नावलीत लक्षणं दिसणं म्हणजे स्क्रीनिंग. ताप मोजण्यासारखं. ताप आहे हे कळतं, मलेरिया की डेंगी ते कळत नाही. निदानासाठी प्रशिक्षित व्यक्तीने सविस्तर मुलाखत घ्यावी लागते. ती महाग आणि वेळखाऊ असते, म्हणून बहुतेक अभ्यास स्क्रीनिंगवरच थांबतात.

इंग्लंडमधल्या ‘एनएचएस चेक’ या प्रकल्पाने दोन्ही केलं. आधी १८ एनएचएस ट्रस्टमधल्या २३ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांनी प्रश्नावली भरली. मग त्यातल्या तीनशेहून अधिक जणांच्या निदानात्मक मुलाखती घेतल्या. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट सायकायट्री’मध्ये निकाल आला. प्रश्नावलीनुसार नैराश्य-चिंता यांसारखे सामान्य मानसिक विकार ५२.८ टक्के, मुलाखतीनुसार २१.५ टक्के. आघातानंतरचा ताणविकार, ज्याला आपण पीटीएसडी म्हणतो, तो प्रश्नावलीत २५.४ टक्के आणि मुलाखतीत ७.९ टक्के.

इथे बरेच जण घाईने म्हणतात, ‘बघा, सगळं फुगवलेलं होतं.’ तसं नाही. मुलाखतीनंतरही पाचातल्या एकाला निदान होण्याइतका विकार आहे, हे फार गंभीर आहे. आणि उरलेल्यांना त्रास नव्हता असंही नाही. त्यांचा त्रास खरा होता, फक्त त्याला आजाराचं नाव देता येत नाही. दोघांची गरज वेगळी असते. आजार असेल तर उपचार हवेत. थकून, हादरून गेलेल्या माणसाला कदाचित चार दिवस रजा, पूर्ण झोप आणि बरोबरीच्या माणसांशी मोकळं बोलायला जागा हवी असते. सगळ्यांना एकाच टक्केवारीत टाकलं की ज्याला मानसोपचार हवेत तो गर्दीत हरवतो आणि ज्याला रजा हवी त्याला योगाच्या ऑनलाइन सेशनची लिंक मिळते.

तिसरा अभ्यास: टोरांटो, साथ संपल्यावर

पहिल्या अभ्यासात आणखी एक अडचण होती. एकाच वेळी घेतलेल्या सर्वेक्षणाला आपण क्रॉस-सेक्शनल म्हणतो. त्यात कर्मचारी साथीच्या आधी कसे होते ते माहीत नसतं. मग हा ताण साथीमुळे आला की तो आधीपासून होता?

यासाठी मला आवडणारा अभ्यास कोविडच्या कितीतरी आधीचा आहे. २००३ मध्ये सार्सची साथ कॅनडात पोचली. तिथे ४४ जण गेले. टोरांटोची रुग्णालयं साथीच्या मध्यभागी होती आणि संसर्ग झालेल्यांत आरोग्य कर्मचारी मोठ्या संख्येने होते. सुमारे ७० किलोमीटरवरच्या हॅमिल्टन शहरातल्या रुग्णालयांत मात्र सार्सचे रुग्ण नव्हते. संशोधकांनी नेमका याचाच फायदा घेतला. टोरांटोतली सार्सचे रुग्ण पाहिलेली ९ रुग्णालयं आणि हॅमिल्टनमधली ४, मिळून ७६९ कर्मचारी. आणि विचारलं कधी? साथीनंतर १३ ते २६ महिन्यांनी.

बर्नआउट टोरांटोत ३०.४ टक्के, हॅमिल्टनमध्ये १९.२ टक्के. मानसिक त्रास ४४.९ विरुद्ध ३०.२. आघातानंतरच्या ताणाची लक्षणं १३.८ विरुद्ध ८.४.

हॅमिल्टनचा आकडा नीट बघा. साथ न पाहिलेल्या रुग्णालयांतही ३० टक्के लोक त्रासात होते. रुग्णालयातली नोकरी मुळातच तशी आहे. साथीचा वाटा म्हणजे त्यावरची भर. ‘टोरांटोत ४५ टक्के’ एवढंच सांगितलं असतं तर सगळा दोष सार्सवर गेला असता. तुलनेचा गट का लागतो हे पुस्तकात वाचून मला इतकं कळलं नव्हतं, जितकं या एका तक्त्याने कळलं. दुसरी गोष्ट वेळेची. वर्ष-दोन वर्षं झाली तरी फरक मिटला नव्हता. टोरांटोतल्या कर्मचाऱ्यांमध्ये कामाचे तास आणि रुग्णांशी संपर्क कमी केलेल्यांचं प्रमाणही जास्त होतं. म्हणजे साथ संपली की ताण संपतो, हे गृहीतक इथे टिकलं नाही.

याच अभ्यासात असंही दिसलं की ज्यांना आपलं प्रशिक्षण आणि मिळालेला आधार पुरेसा वाटला होता, त्यांना दीर्घकाळचा त्रास कमी होता. म्हणून ‘तुम्ही मनाने खंबीर व्हा’ असं कर्मचाऱ्यांना सांगणं अपुरं आहे. किट वेळेवर मिळालं का, वरिष्ठांनी सूचना स्पष्ट दिल्या का, हे प्रश्नही मानसिक आरोग्याचेच आहेत.

आपल्याकडे अभ्यास करणार असाल तर

आता मावशीच्या फॉर्मकडे परत येते. इंग्लंडमध्ये प्रश्नावलीचा आकडा खऱ्यापेक्षा मोठा निघाला. मावशीच्या बाबतीत उलटं झालं, तिचा स्कोअर शून्य आला. कुणाच्या तरी तक्त्यात ती आज ‘लक्षणं नाहीत’ या रकान्यात आहे. म्हणून माझ्या वहीत लिहून ठेवलेल्या काही गोष्टी सांगते.

१. फॉर्म कुणाच्या हातून जातोय? वर ‘तुमची माहिती गोपनीय राहील’ असं लिहिणं पुरेसं नाही. रजा देणारी व्यक्तीच फॉर्म पाठवत असेल तर त्या ओळीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

२. भाषा कुणाची आहे? ‘उदास’ हा शब्द आपल्याकडे फार कमी जण स्वतःबद्दल वापरतात. लोक म्हणतात डोकं गच्च झालंय, जीव घाबरतो, कशात मन लागत नाही. मराठीत तपासलेली आवृत्ती आहे का ते बघा. स्वतः भाषांतर करणार असाल तर दुसऱ्या व्यक्तीकडून ते उलट इंग्रजीत करून घ्या आणि आधी पाच-दहा जणांना वाचायला द्या.

३. नमुन्यात कोण नाही? ऑनलाइन फॉर्म डॉक्टर आणि नर्सपर्यंत पोचतो. वॉर्डबॉय, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक, दारोदारी जाऊन ताप आणि ऑक्सिजन तपासणाऱ्या आशाताई बहुतेक वेळा त्यात नसतात.

४. कोणती रेषा लावली आणि सौम्य लक्षणं धरली की नाही, हे निष्कर्षाच्या पहिल्याच वाक्यात लिहा.

५. एखाद्याने आत्महत्येच्या विचारांच्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं तर तुम्ही काय करणार? पीएचक्यू-९ मध्ये तो नववा प्रश्न आहे. पुढे कुणाकडे पाठवायचं हे ठरलेलं नसेल आणि फॉर्म निनावी असेल, तर तो प्रश्न विचारण्याआधी गाइड आणि एथिक्स कमिटीशी बोला.

गेल्या महिन्यात मावशीला विचारलं, आता कुणी तोच फॉर्म दिला तर काय लिहिशील? ती हसली. म्हणाली, "कोण विचारतंय त्यावर आहे. तू समोर बसून विचारलंस तर सांगेन. पण मग चहा ठेव, दोन मिनिटांत नाही होणार."

मुलाखतींची पद्धत, म्हणजे क्वालिटेटिव्ह संशोधन, यावर पुढच्या लेखात बोलू.