पायऱ्यांचा डोंगर : अक्कलकुव्याहून सातपुड्यात सायकलने

ज्वालामुखीचा डोंगर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जपानचा फुजी येतो. वर निमुळतं होत गेलेलं शिखर, टोकाला खळगा, जमलंच तर थोडा धूर. तो बघायचा तर विमानाचं तिकीट काढावं लागतं. पण नंदुरबारला उतरून अक्कलकुवा गाठलं आणि सायकल उत्तरेकडे वळवली, तरी तुम्ही ज्वालामुखीच्याच खडकावर चढायला लागता. फक्त तिथे ते शिखर नाही आणि खळगाही नाही. आपल्या शब्दात 'मुख' आहे खरं, पण इथला लाव्हा बव्हंशी मुखातून आला नाही, जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून आला.

ही गोष्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. लाव्हा यायचा, पसरायचा, थिजायचा. मध्ये काळ जायचा, मग पुढचा थर. असं अनेकदा झालं आणि आज दख्खनचा हा काळा कातळ सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. असा भेगेतला उद्रेक माणसाने पाहिलाय बरं का. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी इथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा ओकत राहिली. आपलं प्रकरण त्याच्या कैक पटींनी मोठं.

आपल्याकडच्या भेगा दिसतात का? दिसतात, आणि सायकलवरून फार छान दिसतात. साक्री-नंदुरबारच्या सपाटीवरून येताना काळ्या दगडाच्या सरळ रेषेतल्या टेकड्या लागतात, कुणी भिंत बांधून काढावी तशा. भेगेत अडकलेला लाव्हा तिथेच थिजला, आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि ही भिंत उभी राहिली. भूशास्त्रात तिला डाईक म्हणतात. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या अशा दोनशेहून अधिक डाईकचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतला सर्वांत लांब सुमारे ७९ किलोमीटरचा. बहुतेकांची दिशा साधारण पूर्व-पश्चिम, तापी-नर्मदेच्या खोऱ्यांना जवळपास समांतर. मोटारीतून जाताना या भिंती निसटून जातात. सायकलवर एकीच्या सोबतीने अर्धा-पाऊण तास जाता येतं.

आता मुख्य मुद्दा. या खडकाला 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ जिना, पायरी. हा एक शब्द लक्षात ठेवलात तर सातपुड्यातला निम्मा प्रवास आधीच कळला म्हणून समजा. लाव्ह्याचा एक थर नीट बघा. मधला भाग घट्ट, काळा, कठीण. वरचा भाग बुडबुड्यांनी पोकळ झालेला, त्यात पांढरे ठिपके. विहीर खणणारे लोक त्याला मांजऱ्या म्हणतात. आणि पुष्कळदा दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो, जुना थर उघडा पडून कुजला त्याची ही खूण. कठीण भाग कड्यासारखा उभा राहतो, मऊ भाग झिजून सपाट पट्टी होते. कडा, पट्टी, परत कडा, परत पट्टी. झाला जिना.

अक्कलकुवा या जिन्याच्या तळाशी आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता डोंगराच्या पायथ्याने जातो, तो सोडून मोलगीकडे वळलं की पुढे देवगोई घाट. आणि इथे नवखा सायकलस्वार हमखास फसतो. सह्याद्रीतल्या घाटाची सवय असते ना, एकदा चढून गेलं की वर सपाटी, चहाची टपरी, संपलं. सातपुडा तसा संपत नाही. चढ संपल्यासारखा वाटतो, पट्टीवर थोडं पेडल हलकं होतं, दोन-चार घरं, एखादं शेत, आणि वळणापलीकडे पुढची पायरी. पहिल्याच पायरीला दम संपवला तर मोलगी लांब वाटायला लागते.

थोडा हिशेब करू. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरा. ५०० मीटर उंची चढायला पायांना सुमारे ४४० किलोज्यूल काम करावं लागतं. शरीर खाल्लेल्या अन्नाचा जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता. म्हणजे जवळजवळ साडेचारशे-पाचशे कॅलरी, दोन-अडीच चांगल्या भाकऱ्या. एवढंच! भाकरीचा प्रश्न सुटतो हो. पण ती उरलेली उष्णता घामाने बाहेर टाकायची असते आणि उन्हात चढताना तासाला लिटरभर घामही जाऊ शकतो. गिअरबद्दल लोक मला फार विचारतात. पुढची सर्वांत छोटी चकती मागच्या सर्वांत मोठ्या चकतीपेक्षा लहान किंवा तेवढीच असावी, यापलीकडे त्यात फार काही नाही. खरा प्रश्न पाण्याचा आहे.

पाणी कुठे असतं? त्याच जिन्यात. पावसाचं पाणी वरच्या भेगाळ, पोकळ थरात मुरतं. खाली उतरताना तांबड्या मातीचा पट्टा किंवा घट्ट कातळ लागला की अडतं आणि आडवं सरकत उतारावर बाहेर येतं. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे दिवाळीच्या सुमारास बघा. लाल पट्टा, त्याच्या लगत ओल, ओलीत नेचे उगवलेले. हाच झरा. पाडे विखुरलेले दिसतात, प्रत्येक घर आपापल्या शेताजवळ, आणि प्यायला पाणी अशाच एखाद्या झऱ्याचं किंवा त्याच्या खाली खणलेल्या विहिरीचं. पण या खडकाच्या पोटात जागा कमी. वाळूच्या थरात साठतं तसं पाणी इथे साठत नाही. पाऊस भरपूर पडतो, झरे हिवाळ्यात वाहतात, होळीनंतर बारीक होतात, मे महिन्यात कित्येक नुसते ओले राहतात.

आता बारा जणांची सायकलस्वारांची टोळी मे महिन्यात तिथे पोचली असं समजा. प्रत्येकाला दिवसाला पाच लिटर. झाले साठ लिटर, चार-पाच हंडे. तो प्रत्येक हंडा कुणीतरी बाई उतारावर जाऊन, वाटीने भरून, डोक्यावर घेऊन पायरी चढून आलेली असते. मागितलं तर भिल्ल किंवा पावरा घरात पाण्याला नाही म्हणणार नाहीत. म्हणून तर मागू नये. उन्हाळ्यात तिकडे जाण्याच्या मी सरळ विरोधात आहे. छतावर, कातळावर वाळत घातलेल्या कैऱ्यांच्या फोडी आणि आमचूरचा तो वास अनुभवायचा असेल तर जीपने जा, पाणी खालून न्या.

ऑक्टोबर ते जानेवारी चांगला. थंडीची मात्र तयारी हवी. डाबच्या बाजूला कित्येक हिवाळ्यांत दव गोठतं, कारण रात्री गार हवा जड होऊन खोलगट जागी साचते. फाल्गुनात काठीची राजवाडी होळी असते, उंच दांड्याची, पहाटे पेटणारी. जरूर बघा, पण त्या दिवसांत रस्त्यावर टपापर्यंत माणसं भरलेल्या जीपा असतात. वळणावर डावी बाजू सोडू नका.

आणि पावसाळा? डोंगर हिरवागार, धबधबे, फोटो उत्तम. पण जो लाल पट्टा झऱ्याला जन्म देतो, तोच पावसात फुगतो, निसरडा होतो, वरच्या भेगाळ कातळाचा आधार जातो आणि दरड येते. रस्ता कापताना डोंगराचा पाय काढलेला असतोच. आपल्यासाठी बंद घाट म्हणजे एक दिवसाची सहल बुडाली. धडगावहून तळोद्याकडे उतरणाऱ्या चांदसैली घाटात सप्टेंबर २०२१ मध्ये दरडीने रस्ता अडला होता. एक माणूस आजारी बायकोला खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे निघाला आणि ती वाटेतच गेली. ही बातमी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. तिथल्या माणसासाठी घाट म्हणजे दवाखाना, रेशन, बाजार. दरड पडलेली असेल तर कडेकडेने सायकल उचलून पलीकडे जायचा पराक्रम करू नका. कुणी अडकलं तर सोडवायला तिथलीच माणसं धावतात, आपली कामं टाकून.

उतरताना एक ध्यानात ठेवा. चढताना कमावलेली उंची उतरताना ब्रेकमध्ये उष्णता होऊन निघते. ब्रेक सतत दाबून ठेवला की रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. थोडा दाबा, सोडा, पुढचा-मागचा दोन्ही वापरा, मधल्या पट्टीवर थांबा. जिन्याचा हा फायदा, थांबायला जागा असते.

समोरून प्रश्न आलाय : "नर्मदेपर्यंत सायकलने जाता येतं का?" काठाच्या दिशेने रस्ते जातात, पण नदी आता पूर्वीची नाही. सरदार सरोवराची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटर, आणि २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा तिथपर्यंत भरलं. मणिबेलीसारखी गावं त्याआधीच पाण्यात गेली होती. त्यामुळे काही वाटा पाण्यापाशीच संपतात, पुढे होडी. नकाशावर रेघ दिसते म्हणून उतरू नका. जितकं उतराल तितक्या सगळ्या पायऱ्या परत चढायच्या आहेत, आणि त्याही दुपारच्या उन्हात. शेवटच्या पाड्यावर थांबा, कुणी दादा-काका भेटतील त्यांना विचारा : खाली आज होडी आहे का, आणि सायकल घेतात का?