रक्तदान आणि भेटवस्तू

रक्तदात्यास मोबदल्यादाखल पैसा वा वस्तू द्यावी की नाही, हा वैद्यकीय नीतिशास्त्रातील जुना वादविषय आहे. भारतात पैशापुरता तो न्यायालयाने निकाली काढला. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी दिलेल्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आली. भेटवस्तूंचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. महाराष्ट्रात जयंती, वाढदिवस वा गणेशोत्सवानिमित्त भरणाऱ्या शिबिरांत प्रमाणपत्र व अल्पोपाहारासोबत पिशवी, डबा, क्वचित हेल्मेटही दिले जाते.

आक्षेप

ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ (१९७०) या ग्रंथात, मोबदल्यामुळे परोपकाराची भावना क्षीण होते आणि रक्तही कमी सुरक्षित ठरते, असे मत मांडले. यांपैकी दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. संसर्ग नुकताच झाला असल्यास तो चाचणीत दिसत नाही. त्यामुळे दात्याने प्रश्नावलीत दिलेल्या खऱ्या उत्तरांवर रक्तपेढीला विसंबावे लागते. वस्तूच्या ओढीने आलेली व्यक्ती आजार, किंवा मागील रक्तदानाची तारीख, लपवू शकते. भारतात दोन रक्तदानांत पुरुषांनी ९० व स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवणे अपेक्षित असल्याने अशी लपवाछपवी दात्यासही अपायकारक ठरते.

मर्यादा कोठे?

अमेरिकेतील नियमांत, सहज रोख रकमेत बदलता येणार नाही अशी भेट हा मोबदला मानला जात नाही. ही कसोटी व्यवहारात उपयोगी आहे. धुळे जिल्ह्यातील सोनगीर हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. समजा, शिबिरात तेथील तांब्या दिला, तर तो मोडीतही विकता येतो. दात्याचे नाव घातलेले प्रमाणपत्र कोणी विकत घेणार नाही.

संशोधन

स्वीडनमधील २००८ च्या एका प्रयोगात रक्तदाता होण्यासाठी ५० क्रोनर देऊ केल्यावर तयार होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे निम्म्यावरून ३० टक्क्यांच्या आसपास आले. पुरुषांत असा परिणाम ठळकपणे आढळला नाही. तीच रक्कम धर्मादाय कार्यास देण्याची मुभा मिळताच ही घट नाहीशी झाली. याउलट, अमेरिकेतील प्रत्यक्ष शिबिरांच्या अभ्यासांत भेटवस्तूंमुळे रक्तदाते वाढल्याचे दिसले. मात्र त्यांतील काही जण शेजारच्या शिबिरांतून वळलेले होते.