मेणाने लिहिलेली अंडी

कोंबडीचे एक अंडे हातात घेऊन पाहा. दिसायला गुळगुळीत, गार दगडच! पण उबवले की २१ दिवसांत त्यातून जिवंत पिल्लू बाहेर पडते. हिवाळ्यात मेल्यासारखी पडलेली थंड देशांतील जमीनही वसंतात अशीच जिवंत होते. हे साम्य माणसाच्या फार पूर्वीच ध्यानात आले. म्हणूनच इराणात नवरोजला आणि युरोपात ईस्टरला रंगीत अंडी मांडतात.

युक्रेनमध्ये अशा अंड्याला 'पिसांका' म्हणतात. 'पिसाती' म्हणजे लिहिणे. तेव्हा हे अंडे रंगवायचे नाही, लिहायचे! शाई कोणती? मधमाश्यांचे वितळलेले मेण. बारीक नळीच्या लेखणीने पांढऱ्या अंड्यावर मेणाची नक्षी काढतात आणि अंडे पिवळ्या रंगात बुडवतात. मेणाला पाणी चिकटत नाही, म्हणून नक्षीखालचा भाग पांढराच राहतो. आता पिवळे ठेवायचे तेवढ्यावर मेण लावून अंडे लाल रंगात आणि शेवटी काळ्या रंगात बुडवतात. फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे, हाच क्रम. उलटा का चालत नाही? काळ्यावर पिवळा चढवून पाहा, म्हणजे कळेल!

शेवटी अंडे मेणबत्तीच्या ज्योतीशेजारी धरतात. सुमारे ६३ अंश सेल्सियसला मेण वितळते. ते पुसले की झाकलेले सारे रंग एकदम उजळून निघतात. नक्षीत सूर्य असतो, हरिण असते, गव्हाची ओंबी असते. पुढे ख्रिस्ती धर्म आला आणि हेच अंडे येशूच्या पुनरुत्थानाची खूण बनले.

सोव्हिएत राजवटीत ही कला धार्मिक म्हणून दडपली गेली. पण काही घरांत ती गुपचूप टिकली आणि परदेशी गेलेल्यांनीही ती जपली. कॅनडातील व्हेग्रेव्हिल गावी १९७५ साली ॲल्युमिनियमची प्रचंड पिसांका उभारली गेली. साडेसात मीटरांहून लांब असलेले ते अंडे वाऱ्याबरोबर फिरते! १९९१ साली युक्रेन स्वतंत्र झाला आणि २०२४ साली युनेस्कोने या कलेची मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात नोंद केली. मेणाखालच्या रंगासारखीच ती इतकी वर्षे झाकलेली राहून वाचली होती.

आता एक प्रयोग करा. उकडून गार केलेल्या पांढऱ्या अंड्यावर मेणबत्तीच्या तुकड्याने ठसठशीत रेघा ओढा. कांद्याच्या साली पाण्यात उकळा, पाणी गाळून पूर्ण गार करा आणि त्यात दोन चमचे व्हिनेगर घालून अंडे अर्धा तास ठेवा. कवचावर बारीक बुडबुडे दिसतील. तो कार्बन डायऑक्साइड. कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते. आम्लाने ते किंचित झिजते आणि त्यावर रंग चांगला बसतो.

रंगाचे पाणी गार का केले, याचे उत्तर मात्र तुम्हीच शोधा. ते याच लेखात दडलेले आहे!